गुलमर्गच्या बर्फात चार दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्या बहुतेक सहलींमध्ये गुलमर्गच्या वाट्याला एकच दिवस येतो. सकाळी श्रीनगरहून निघायचं, पायथ्याच्या तंगमर्गला भाड्याचा ओव्हरकोट आणि गमबूट चढवायचे, गोंडोलाच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारच्या, रांगेत निम्मा दिवस घालवायचा, वर जाऊन एकमेकांवर बर्फ उडवायचा, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत खाली. यादीतल्या नावापुढे खूण होते, पण बर्फात करण्यासारखं जे आहे त्यातलं जवळजवळ काहीच हाती लागत नाही. स्कीवर नीट थांबता यायलाच एक-दोन दिवस जातात. वारा सुटला की गोंडोला बंद. एखादा दिवस तर नुसता बर्फ पडण्यातच जातो. म्हणून पुढचं सगळं एक गोष्ट धरून लिहिलंय: मुक्काम गुलमर्गलाच करायचा, किमान तीन रात्री, जमल्यास चार.

जागेची थोडी कल्पना आधी असू द्या. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटरवर, पीर पंजाल रांगेच्या उतारावर आहे. उंची सुमारे २,६५० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे हॉटेलच्या दारात उभे राहिलात तरी कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटर वर आहात. मध्ये बशीसारखं खोलगट मैदान, उन्हाळ्यात तिथे गोल्फ खेळतात. भोवती देवदार आणि फरचं जंगल, आणि मागे अफरवटचा डोंगर. हिवाळ्यात नवख्यांचं सगळं जग त्या मैदानात आणि त्याच्या कडेच्या सौम्य उतारांवर असतं. अफरवटच्या वरच्या उतारांसाठी जगभरातले पट्टीचे स्कीपटू येतात. ते बघायला मजा येते, पण तो आपला प्रांत नाही.

तारीख कशी ठरवायची

काश्मिरात हिवाळ्याचं स्वतःचं पंचांग आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, हाडं गोठवणारी थंडी. त्यानंतर वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्लई बच्चा. नवख्यांनी जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरावा. तोवर बर्फाचा थर बऱ्यापैकी बसलेला असतो आणि दिवसही मोठा व्हायला लागलेला असतो. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात गर्दी सर्वात जास्त, भाव सर्वात चढे आणि बर्फाची खात्री मात्र सर्वात कमी. शाळेची सुट्टी आणि चांगला बर्फ यांचं काही केल्या जमत नाही, आणि घरात दहावी-बारावीचं कुणी असेल तर फेब्रुवारीचा विषयही काढू नका.

फेब्रुवारीतसुद्धा बर्फ हमखास मिळेलच असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. इथला बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी हवेवर, अवलंबून असतो. ते आले नाहीत की मैदान कोरडं. जानेवारी २०२४ चा बराचसा भाग असाच गेला, ऐन चिल्लई कलानमध्ये गुलमर्ग तपकिरी दिसत होतं आणि बर्फ महिनाअखेरीला आला. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचे गुलमर्गमधले सामने बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. तेव्हा हॉटेल असं निवडा की तारीख बदलता किंवा रद्द करता येईल, आणि निघण्याच्या आठवडाभर आधीपासून श्रीनगर हवामान केंद्राचा अंदाज बघायला लागा. जोरदार बर्फ पडून गेल्यावरचे दोन-तीन स्वच्छ दिवस सर्वात चांगले.

आणखी एक तपासणी. एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर प्रशासनाने काश्मिरातली बरीच पर्यटनस्थळं बंद केली होती आणि नंतर ती टप्प्याटप्प्याने उघडली. तुम्ही जाल त्या वेळी काय खुलं आहे हे जम्मू-काश्मीर पर्यटन विभागाच्या ताज्या सूचनांवरून बघा, कुणाच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावरून नको.

पोहोचणं आणि खोली

श्रीनगरपर्यंत विमान सोयीचं. बर्फ आणि धुक्याने उड्डाणं रद्द होतात, म्हणून जाताना-येताना एकेक दिवस हातचा ठेवा. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत रेल्वे सुरू झाली आहे, त्यामुळे जम्मूहून दरडी आणि बर्फाने अडणाऱ्या महामार्गावरच अवलंबून राहायची वेळ आता येत नाही.

श्रीनगरहून तंगमर्गपर्यंत रस्ता सपाट आणि सोपा. पुढचे १३ किलोमीटर चढाचे आणि वळणांचे. बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच वर सोडतात. बऱ्याचदा श्रीनगरची गाडी तंगमर्गला सोडून तिथली फोर बाय फोर करावी लागते. हा खर्च सहलीच्या दरात धरलेला आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. तंगमर्गच्या चौकात, बर्फ पडत असताना, यावरून वाद घालण्यासारखं दुसरं कंटाळवाणं काम नाही.

खोली ठरवताना खिडकीतून काय दिसतं हे शेवटी विचारा. आधी विचारा: खोली गरम कशाने होते, वीज गेली तर जनरेटर किती वेळ चालतो, गरम पाणी किती वाजता येतं. काही ठिकाणी सेंट्रल हीटिंग असतं, काही ठिकाणी लाकडावर चालणारी बुखारी (धुरांड्याची शेगडी), आणि अंथरुणात इलेक्ट्रिक ब्लँकेट. बुखारी किंवा गॅसचा हीटर पेटता ठेवून दारं-खिडक्या घट्ट लावून झोपू नका, आणि कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची हातात धरायची शेगडी, पांघरुणात घेऊन तर मुळीच नको. कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच बेशुद्ध पडतो.

फोनचं काम घरूनच उरकून निघा. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मिरात चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. घरात एकाचं तरी पोस्टपेड असू द्या. थोडी रोख रक्कमही जवळ ठेवा. वीज आणि नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं.

काय घालायचं

थंडी म्हटलं की आपल्याकडे एकावर एक तीन स्वेटर चढवतात. ते बर्फात उपयोगाचं नाही. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा एक थर, आणि सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं जाकीट. खाली थर्मल आणि त्यावर वॉटरप्रूफ पॅंट. सुती बनियन आणि जीन्स खोलीतच ठेवा: स्की करताना घाम येतो, पडल्यावर बर्फ लागतो, आणि ओलं सुती कापड अंगावर तसंच गार राहतं. लोकरीचे हातमोजे चौथ्यांदा पडलात की भिजतात. वॉटरप्रूफ हातमोजे विकत घ्या, कुठे पैसे वाचवायचे असतील तर ते जाकिटावर वाचवा. जाकीट भाड्याने मिळतं.

तंगमर्गचे भाड्याचे गमबूट चालण्यापुरते ठीक आहेत. ते ऊब देत नाहीत, म्हणून आत जाड लोकरीचे मोजे हवेत, आणि एक जोड कोरडा खिशात.

उन्हाकडे लोक दुर्लक्ष करतात. स्वच्छ दिवशी ताजा बर्फ अंगावर पडणारे बहुतांश अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं. हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला आणि कानांना सनस्क्रीन लावा, ओठांना बाम. गॉगल शोभेसाठी नाही. दिवसभर उघड्या डोळ्यांनी बर्फ पाहिला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. लहान मुलांनाही गॉगल हवाच. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, नाहीतर चाळीस टक्के बॅटरी दाखवणारा फोन बघता बघता बंद पडतो.

पहिला दिवस: नुसतं चाला

पोहोचलात त्या दिवशी काही विकत घेऊ नका. गाडीतून उतरताच स्लेजवाले, स्नो स्कूटरवाले, गाइड, पोनीवाले सगळे एकदम बोलायला लागतात. हसून नको म्हणा, सामान खोलीत टाका, काहीतरी गरम प्या आणि मैदानाच्या कडेने चालायला निघा. यात दोन कामं होतात. शरीर उंचीला सरावतं, आणि कुठला उतार कसा आहे, कोण कशासाठी किती घेतं, हे कुणालाही पैसे न देता कळतं.

बर्फात चालण्याचंही एक तंत्र आहे. ताज्या बर्फात पाऊल सरळ वरून ठेवा आणि उतरताना टाच रुतवा. तुडवून घट्ट झालेल्या किंवा काचेसारख्या गोठलेल्या वाटेवर मात्र पावलं आखूड, तळवा पूर्ण टेकलेला, वजन किंचित पुढे, आणि हात खिशाबाहेर. गुलमर्गला सर्वाधिक लोक पडतात ते हॉटेलच्या पायऱ्यांवर आणि दुकानांसमोरच्या रस्त्यावर. सकाळी लवकर आणि ऊन गेल्यावर तिथला बर्फ सर्वात निसरडा असतो.

चालत जाण्यासारखं एक ठिकाण म्हणजे १९०२ मध्ये बांधलेलं सेंट मेरी चर्च. मैदानाच्या एका अंगाला, झाडांच्या पार्श्वभूमीवर असलेली ही दगडी इमारत जाड बर्फात फार देखणी दिसते. समोरच्या टेकडीवरचं महाराणी मंदिर १९१५ मधलं. जून २०२४ मध्ये ते आगीत जळालं, तेव्हा जुन्या फोटोंच्या भरवशावर जाऊ नका. जंगलाच्या कडेने चालताना पाऊलखुणांकडे लक्ष द्या. इथे कोल्हे आहेत आणि ते हॉटेलांच्या आसपास बिनधास्त फिरतात. त्यांना वेफर्स घालू नका.

मुलं बरोबर असतील तर पहिला दिवस त्यांचा. बर्फाचा माणूस करायला बर्फ किंचित ओलसर लागतो; फार थंड, कोरडा बर्फ मुठीत गोळाच होत नाही. म्हणून हा खेळ दुपारच्या उन्हात. मुलांचे हातमोजे दर तासाला तपासा, ती स्वतःहून सांगत नाहीत.

स्लेज

लाकडी फळीची, पुढे दोरी बांधलेली स्लेज गुलमर्गला सगळीकडे दिसते. एक माणूस ती ओढत वर नेतो आणि उतारावर पुढे बसून, बुटांच्या टाचांनी वळवत खाली आणतो. उतारावरची ती दोन मिनिटं झकास असतात. धडधाकट माणसाने सपाटीवर किंवा चढावर बसून स्वतःला ओढून घ्यावं, हे मात्र मला पटत नाही. चढ स्वतः चाला, उतार स्लेजवर या. वृद्ध किंवा गुडघे दुखणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी स्लेज ही खरी सोय आहे.

कुठून कुठपर्यंत, किती फेऱ्या, दर माणशी की दर स्लेजला, हे बसण्याआधी ठरवा. आपली मंडळी घासाघीस करण्यात पटाईत आहेत. ती जरूर करा, पण ठरल्यावर शब्द फिरवू नका. या माणसांची वर्षाची कमाई बर्फ असतो तेवढ्या दिवसांत व्हायची असते. बसल्यावर पाय फळीच्या आत ठेवा. ओढणी, मफलर, साडीचा पदर आत खोचून घ्या.

स्की: इथे वेळ द्या

सगळ्या सहलीत पैसे आणि वेळ एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर ते स्की शिकण्यावर करा. तासाभराची ‘स्की टूर’ घेऊ नका. त्यात बूट चढवण्यात वीस मिनिटं जातात, दहा मिनिटं फोटो होतात आणि उरलेला वेळ गाइड तुम्हाला दोन्ही हातांनी धरून खाली आणतो. त्यापेक्षा दोन सलग सकाळी एका प्रशिक्षकाबरोबर ठरवा. प्रशिक्षकाचं पर्यटन विभागाकडचं नोंदणीचं कार्ड बघायला मागा. खरा प्रशिक्षक यावर रागवत नाही.

साहित्य दुकानातून भाड्याने मिळतं. तिथे घाई करू नका, कारण पुढच्या त्रासापैकी अर्धा त्रास बुटातून येतो. स्कीच्या बुटात एकच मोजा, तोही पातळसर आणि लांब. दोन मोजे घातले की पाय अवघडतो आणि उलट जास्त गार पडतो. थर्मलची कड बुटात कोंबू नका, नडगीवर वळ उठतात. बूट बांधून ताठ उभे राहा: अंगठा पुढे हलकासा टेकला पाहिजे. आता गुडघे पुढे वाकवा: अंगठा मागे सरकला पाहिजे आणि टाच जागची हलता कामा नये. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदलून घ्या. स्की नवख्याला हनुवटीपर्यंत किंवा त्याहून थोडी आखूड. लांब स्की वेग घेते आणि वळायला जड जाते. बूट आणि स्कीला जोडणारं बाइंडिंग पडल्यावर सुटलं पाहिजे, नाहीतर गुडघा पिळवटतो. ते किती घट्ट ठेवायचं हे तुमच्या वजनावर, उंचीवर आणि कौशल्यावर ठरतं. दुकानात वजन विचारलं तर खरं सांगा. चारचौघांत सात-आठ किलो कमी करून सांगायची ही जागा नव्हे. हेल्मेट मागून घ्या, दिलं नाही तर दुसरं दुकान बघा.

उतारावर क्रम साधारण असा असतो. आधी सपाटीवर एकाच पायात स्की घालून सरकायचं, मग दुसऱ्या पायात. नंतर उताराला आडवं उभं राहून, एकेक पाऊल कडेला टाकत थोडं वर चढायचं. मग थांबायला शिकायचं, आणि थांबता येईपर्यंत पुढे काहीही नाही. स्कीची पुढची टोकं एकमेकांजवळ, मागची टोकं लांब, वरून पाहिलं तर घराच्या छपरासारखा आकार. टाचा बाहेर ढकलल्या की आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. परदेशी प्रशिक्षक या आकाराला पिझ्झाचा तुकडा म्हणतात आणि गुलमर्गची पोरंही आता ‘पिझ्झा, पिझ्झा’ असंच ओरडतात. वळायचं असेल तर याच आकारात एका पायावर जास्त वजन द्यायचं: डावा पाय दाबला की उजवीकडे वळता, उजवा दाबला की डावीकडे.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी एक खास सूचना. गड उतरताना आपण अंग मागे टाकतो, घसारा असला की बूड टेकायच्या तयारीत असतो. तीच सवय स्कीवर घात करते. मागे रेललात की स्कीच्या पुढच्या भागावरचं वजन जातं, ती वळेनाशी होते आणि वेग वाढतो. घाबरून आणखी मागे रेलता, वेग आणखी वाढतो. भीती वाटली की नडगी बुटाच्या जिभेवर दाबा आणि हात गुडघ्यांच्या पुढे, दिसतील असे ठेवा. नजर स्कीच्या टोकांवर न ठेवता पुढे, जायच्या दिशेला. ट्रेकरच्या मांड्या मात्र इथे फार कामी येतात. ज्यांना तशी सवय नाही त्यांनी महिनाभर आधीपासून रोज उठाबशा काढाव्यात आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर बसायचा सराव करावा.

पडणार तर आहातच. थांबत नाहीये असं वाटलं की कडेला, चढाच्या बाजूला, बसकण मारा. हाताने स्वतःला सावरायला जाऊ नका, मनगट आणि अंगठा दुखावतो. उठताना आधी दोन्ही स्की उताराच्या दिशेला, शरीराच्या खालच्या बाजूला आणा आणि उताराला आडव्या करा. नंतर चढाच्या बाजूचा हात टेकून उठा. स्की उताराच्या दिशेने तोंड करून असतील तर उठताक्षणीच पुन्हा निघाल.

मग येतो ड्रॅग लिफ्ट, म्हणजे वर ओढत नेणारी दोरी आणि तिला लोंबणारी गोल बैठक. नावाला बैठक, तिच्यावर बसायला गेलात की थेट बर्फात. ती पायांमधून मागे घ्यायची, पाय किंचित वाकवून उभं राहायचं, स्की सरळ समांतर ठेवायच्या आणि ओढू द्यायचं. मध्येच पडलात तर सोडून द्या आणि लगेच वाटेतून बाजूला व्हा, मागून माणूस येतोय.

उतारावर वाहतुकीचे नियम असतात आणि ते जगभर सारखेच आहेत. पुढच्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने चुकवायचं, कारण पुढच्याला मागचं दिसत नाही. थांबायचं तर कडेला, उंचवट्यामागे लपून नाही. गुलमर्गच्या सौम्य उतारांवर खरी पंचाईत होते ती स्की न करणाऱ्यांची. सेल्फी घेणारं कुटुंब, उलट येणारी स्लेज, मधूनच धावणारं पोर. सकाळी दहाच्या आत उतारावर पोहोचलात तर श्रीनगरहून येणाऱ्या गाड्यांच्या आधी दोनेक तास शांत मिळतात. बर्फ त्या वेळी जरा कडक असतो, पण जागा मोकळी असते. दुपारी पाय थरथरायला लागले की थांबा. ‘आता शेवटची एकच फेरी’ या फेरीत लोक जास्त पडतात.

ज्यांना गोडी लागली त्यांच्यासाठी गुलमर्गलाच केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. तिथे नवख्यांसाठी स्कीचे अभ्यासक्रम चालतात, शिस्त कडक असते आणि जागा लवकर भरतात. पुढच्या हिवाळ्याचा बेत असेल तर पावसाळ्यातच चौकशी सुरू करा.

स्नोबोर्डचा मोह होईल. पहिल्या दिवशी तो स्कीपेक्षा जास्त आपटवतो, मनगटांवर आणि माकडहाडावर. चार दिवसांत दोन्ही शिकायला जाऊ नका.

गोंडोला: हवामान बघून, शेवटच्या दिवशी नाही

गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला गुलमर्गहून सुमारे ३,१०० मीटरवरच्या कोंगडोरीपर्यंत, १९९८ मध्ये सुरू झालेला. दुसरा तिथून अफरवटच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटर, २००५ मधला. तिकिटं ऑनलाइन आणि दोन टप्प्यांची वेगवेगळी. गर्दीच्या दिवसांत ती आधीच संपतात, म्हणून प्रवासाची तारीख पक्की झाली की लगेच घ्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा. ‘आत्ता काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका.

तिकीट मुक्कामाच्या मधल्या दिवसाचं घ्या. दुसरा टप्पा वारा, ढग किंवा हिमस्खलनाच्या भीतीने वारंवार बंद असतो. त्या दिवशी बंद निघाला तर हाताशी आणखी दिवस उरतो. शेवटच्या दिवशीचं तिकीट म्हणजे जुगार. हवा ढगाळ असेल तर फक्त पहिला टप्पा करा. कोंगडोरीला मोकळी जागा आहे, चहा-मॅगी मिळते, आणि तुमचं स्कीवर वळणं पक्कं झालं असेल तर प्रशिक्षकाबरोबर तिथले उतारही करता येतात.

दुसऱ्या टप्प्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. मुंबईहून आदल्या दिवशी आलेला माणूस तिथे धावला की दम लागतो, डोकं दुखतं. हे आणखी एक कारण गोंडोला पहिल्या दिवशी न करण्याचं. हृदयविकार, दमा किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, गरोदर असाल किंवा तान्हं मूल बरोबर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी नको म्हटलं तर पहिल्या टप्प्यावर समाधान माना. वर अर्धा तास पुरे. डोकं ठणकायला लागलं किंवा मळमळलं तर गोळी घेऊन बसून राहू नका, खाली या. आकाश निरभ्र असेल तर वरून हरमुखच्या रांगा आणि कधी कधी नंगा पर्वतही दिसतो.

वर गेल्यावर दोऱ्या आणि फलकांनी आखलेली हद्द ओलांडायची नाही. ही सूचना मी जरा कडकपणे लिहितोय. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग भागात हिमस्खलन होऊन लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गेले. त्यांचं तर आयुष्यच बर्फातलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू असेच गाडले गेले. ताजा बर्फ पडल्यानंतर, विशेषतः वाऱ्याने तो एका अंगाला साचवलेला असला की, वरचा थर खालच्या थराला नीट धरून नसतो; तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही तो सुटू शकतो. खालून तो उतार गुळगुळीत आणि मऊ दिसतो. हद्दीबाहेर जाणारे बीकन (गाडलं गेल्यास शोध लागावा म्हणून संकेत देणारं यंत्र), फावडं, शोधकाठी आणि जाणता गाइड बरोबर घेऊन जातात, आणि तरीही दिवस बघून परत फिरतात. तुम्हाला कुणी ‘इधर से शॉर्टकट है’ म्हटलं तर जाऊ नका.

बाकीचे खेळ, थोडक्यात

स्नो स्कूटर आणि चार चाकांची एटीव्ही: आवाज, धूर आणि दहा मिनिटांत संपणारी मजा. पैशाच्या मानाने मला ती कमीच वाटते. करायचीच तर चालकाच्या मागे बसा, हेल्मेट घाला आणि लोंबणारं काही अंगावर ठेवू नका.

स्नोशूज घालून जंगलात चालणं हा खेळ फारसा कुणी विचारत नाही, आणि मला तो स्कीच्या खालोखाल आवडतो. बुटाला रुंद चौकट बांधायची, की पाय बर्फात बुडत नाही. शिकायला पाच मिनिटं पुरतात, पन्नाशी-साठीतल्या माणसालाही जमतं. स्थानिक गाइड बरोबर घ्या, दोन-तीन तासांची वाट मागा आणि बर्फ पडून गेल्यावरची सकाळ निवडा. एकटे जाऊ नका. नव्या बर्फाने वाटा झाकल्या जातात आणि झाडांच्या बुंध्याभोवती पोकळ खड्डे असतात, त्यात माणूस कंबरेपर्यंत जातो.

हे सगळं करून संध्याकाळी काय, तर बुखारीजवळ कहवा. दालचिनी, वेलदोडा, केशर आणि बदामाचा गोड कहवा आपल्याला लगेच आवडतो. मिठाचा गुलाबी नून चहा चहा समजून प्यालात तर फसाल, पातळ सूप समजून प्या. ओले बूट आणि हातमोजे शेकोटीला अगदी चिकटवून ठेवू नका, कडक होऊन भेगा पडतात. थोडे लांब, टांगून. विमा काढला असेल तर त्यात स्कीचा समावेश आहे का हे निघण्याआधीच बघून ठेवा, कारण बऱ्याच प्रवास विम्यांतून ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात.

परतताना

खाली उतरल्यावर तंगमर्गजवळच द्रंगचा धबधबा आहे. कडाक्याची थंडी असेल तर तो गोठून कड्यावर बर्फाच्या झुंबरांची भिंत तयार होते. बघायला थांबा, पण खाली उभं राहून फोटो काढू नका; ऊन लागलं की ती झुंबरं तुटून पडतात आणि त्यांची टोकं भाल्यासारखी असतात. शेवटची रात्र श्रीनगरला काढा. मांसाहारी असाल तर पहाटे जुन्या शहरात हरिसा खा: रात्रभर शिजवून घोटलेलं मटण, वर कडकडीत तेल, बरोबर तंदूरची रोटी. हा पदार्थ हिवाळ्यातच मिळतो आणि सकाळी नऊपर्यंत संपतो. विमानतळावर मात्र उड्डाणाच्या किमान तीन तास आधी पोहोचा. प्रवेशद्वाराच्या बाहेरच एकदा सगळं सामान गाडीतून उतरवून तपासतात, आत पुन्हा तपासणी, आणि बर्फ पडत असेल तर रस्त्यालाच दुप्पट वेळ लागतो.